फिरत्या दंडावर धारवा पक्का करण्याच्या पद्धती : यंत्रव्यवहार आणि शब्दव्यवहार

१. प्रास्ताविक

भाषेच्या अभ्यासकाने यंत्राच्या एका लहानशा भागाविषयी लिहावे, हे काही वाचकांस विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु परिभाषेचा विचार वस्तूच्या विचारावाचून पुरा होत नाही. ज्या क्रियेला नाव द्यावयाचे ती क्रिया कशी घडते, तिच्यात कोणता जोर कशावर येतो आणि ती चुकली असता काय बिघडते, हे नीट समजून न घेता दिलेले नाव कोशात राहते. कामाच्या जागी ते पोहोचत नाही. उलट, कामाच्या जागी रूढ असलेले शब्द अभ्यासकाने केवळ 'अपभ्रंश' म्हणून बाजूस सारले, तर त्या शब्दांत साठलेले वस्तुज्ञानही त्यांच्याबरोबर बाजूस पडते. प्रस्तुत लेखात असे एकच उदाहरण घेतले आहे. फिरत्या दंडावर, म्हणजे शाफ्टवर, बसविलेला धारवा, म्हणजे बेअरिंग, जागचा हलू नये म्हणून जे उपाय योजतात त्यांचे स्वरूप प्रथम सांगून, नंतर त्यांच्या मराठी वर्णनाचा प्रश्न मांडावयाचा, असा लेखाचा क्रम आहे.

'धारवा' हा शब्द मराठी विश्वकोशाने स्वीकारलेला आहे. कारखान्यात मात्र 'बेअरिंग' किंवा 'बेरिंग' हाच शब्द ऐकू येतो. या लेखात शास्त्रीय विवेचनापुरता 'धारवा' वापरला आहे. बाकी 'ग्रब स्क्रू', 'कॉलर', 'स्लीव्ह', 'नट' हे शब्द फिटरच्या तोंडी आहेत तसेच ठेवले आहेत.

२. पनवेलचे चाक

हा प्रश्न यंत्रयुगाबरोबर आला असे समजण्याचे कारण नाही. फिरणारा भाग आणि न फिरणारा भाग एकमेकांपाशी ठेवावयाचे, त्यांना फिरू द्यावयाचे, पण निसटू द्यावयाचे नाही, हा प्रश्न चाकाइतकाच जुना आहे. आणि त्याचा विचार करण्यास पनवेलइतके योग्य स्थळ महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरकारी गॅझेटियरांत पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून गाडीची चाके बनविण्याच्या धंद्याचा निर्देश आहे. देशावरून माल घेऊन आलेला गाडीवान परतताना चाकांची निदान एक जोडी घेऊन जात असे, अशा आशयाची नोंदही तेथे सापडते. याचे कारण भूगोलात आहे. पनवेल हे खाडीच्या काठी वसलेले बंदर. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर पुण्याकडील माल गाडीने पनवेलपर्यंत आणि तेथून गलबताने मुंबईस जाऊ लागला. घाट उतरून आलेल्या गाडीची चाके येथेच तपासली जात, आणि जंगलाचे लाकूडही येथे जवळच होते.

बैलगाडीच्या चाकाची रचना परिचित आहे. मध्ये तुंबा, तुंब्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर लाकडी पाट्यांचे वर्तुळ आणि त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धाव. तुंब्याच्या पोटात लोखंडी कडे बसवितात आणि त्या कड्यातून आसाचे टोक बाहेर येते. आस स्थिर असतो. चाक त्याच्याभोवती फिरते. चाक बाहेर निसटू नये म्हणून आसाच्या टोकाशी आडवे भोक पाडून त्यात खीळ घालतात. ही खीळ गाडीचे ओझे वाहत नाही. सपाट रस्त्यावर तिला फारसे कामही नसते. परंतु रस्ता एका बाजूस कलला, किंवा घाटातील वळणावर गाडी तिरपी झाली, की चाक आसाच्या लांबीच्या दिशेने बाहेर सरकू पाहते आणि तो सगळा जोर खिळीवर येतो. अशा खिळीला संस्कृतात 'आणि' किंवा 'अणि' असे नाव असून तो शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. मराठी 'आंस' हा संस्कृत 'अक्ष' शब्दापासून, 'चाक' हा 'चक्र' शब्दापासून आणि 'आरा' हा 'अर' शब्दापासून आला आहे. म्हणजे गाडीच्या मुख्य अवयवांची नावे तीन हजार वर्षांच्या प्रवासात झिजली, पण निसटली नाहीत.

येथे आणखी दोन प्राचीन साक्षी नमूद करण्याजोग्या आहेत. पहिली 'सुख' या शब्दाची. वैदिक भाषेत हा शब्द प्रामुख्याने रथाचे विशेषण म्हणून येतो. 'ख' म्हणजे भोक, विशेषतः तुंब्यातील आसाचे भोक. ज्याचे भोक चांगले तो रथ 'सुख', अशी व्युत्पत्ती आधुनिक कोशकार देतात. काही विद्वान 'सुस्थ' या शब्दाच्या प्राकृत रूपातून तो आला असावा असेही मानतात. पहिली व्युत्पत्ती ग्राह्य धरली, तर भोक आणि आस यांच्यातील मोकळीक नेमकी असणे, म्हणजे चाक अडखळू नये इतकी सैल आणि डगमगू नये इतकी घट्ट असणे, यालाच आपल्या पूर्वजांनी सुख म्हटले, असे होईल. धारव्याच्या बसवणीची याहून चांगली व्याख्या करणे कठीण आहे.

दुसरी साक्ष चरकसंहितेची आहे. विमानस्थानात आयुष्याच्या मर्यादेची चर्चा करताना गाडीच्या अक्षाचा दृष्टान्त दिला आहे. चांगल्या गुणांचा अक्ष नीट वापरला तर स्वाभाविक झीज होऊन आपल्या वेळी संपतो. परंतु अतिभार, विषम मार्ग, आडमार्ग, अक्ष वा चाक मोडणे, हाकणाऱ्याचे किंवा ओढणाऱ्याचे दोष, आणी सुटणे, वंगण नसणे आणि गाडी उलटणे यांमुळे तो मध्येच नाश पावतो. आजच्या कोणत्याही धारवा-कारखान्याच्या पुस्तिकेत बिघाडाच्या कारणांची जी यादी असते तिच्याशी ही यादी ताडून पाहावी. ओझे, रेषेबाहेरची बसवण, वंगणाचा अभाव आणि पकड सुटणे ही चारही कारणे दोन्हींकडे आहेत. स्वाभाविक आयुष्याची कल्पनाही आहे. आज धारव्याचे गणिती आयुष्य सांगतात ते शंभरांतील नव्वद धारवे ज्या मुदतीपर्यंत थकव्याने निकामी होत नाहीत ती मुदत होय. आणि छऱ्यांच्या धारव्यावरील ओझे दुप्पट केले तर ही मुदत आठव्या हिश्शावर येते. परंतु पुष्कळसे धारवे या मुदतीपूर्वीच जातात, आणि त्यांतील काही 'आणी सुटल्याने' जातात. आपला विषय या शेवटच्या कारणाचा आहे.

३. आस फिरू लागला

बैलगाडीत आस स्थिर आणि चाक फिरते. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली तेव्हा त्याच डोंगरात हे नाते उलटे झाले. आगगाडीची चाके आसावर दाबून घट्ट बसविलेली असतात. चाके आणि आस मिळून एकच पिंड होतो आणि तो सबंध फिरतो. गिरणीतही हेच घडते. वाफेच्या एंजिनाने किंवा विजेच्या मोटारीने एक लांब दंड फिरवावयाचा आणि पट्ट्यांच्या साहाय्याने त्यावरून अनेक यंत्रे चालवावयाची, ही व्यवस्था मुंबईच्या कापडगिरण्यांत होती, तशीच ती लहान प्रमाणावर कोकणच्या भातगिरणीतही होती. पट्ट्याच्या जागी प्रत्येक यंत्राची स्वतंत्र मोटार आली, तरी पंखा, चाळणी, माल वाहून नेणारा पट्टा, उचलणी यांच्या दंडांना आजही धारवे लागतातच.

अशा ठिकाणी जो धारवा वापरतात तो ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यात आधीच बसविलेला असतो. ठोकळा चौकटीवर बोल्टांनी आवळला की धारव्याचे बाहेरचे कडे स्थिर झाले. आतले कडे दंडाबरोबर फिरले पाहिजे. दोन्ही कड्यांमध्ये छरे किंवा रूळ फिरतात आणि घर्षण तेथेच व्हावे अशी योजना असते. म्हणजे आतले कडे दंडाशी एकरूप राहणे ही धारव्याच्या उपयुक्ततेची पहिली अट आहे.

ही अट पाळली गेली नाही तर काय होते ते एका साध्या हिशेबाने दाखविता येईल. कड्याचे भोक दंडापेक्षा व्यासात केवळ ०.०२ मिलिमीटर मोठे आहे आणि कडे कोणत्याही उपायाने पक्के केलेले नाही, असे समजू. पट्ट्याची ओढ एकाच दिशेने असल्यामुळे दंड भोकाच्या एका बाजूस टेकून राहतो व फिरताना कड्याच्या आतून लोळत जातो. दोघांच्या परिघांत सुमारे ०.०६३ मिलिमीटर फरक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात कडे तेवढे मागे पडते. दंड मिनिटास ६०० फेरे करीत असेल, तर हे मागे पडणे मिनिटास सुमारे ३८ मिलिमीटर आणि आठ तासांच्या पाळीत १८ मीटरांच्या वर भरते. केसाहूनही बारीक अशा सैलपणातून दररोज अठरा मीटरांची ही चाल कोरड्या पोलादावर कोरडे पोलाद घासत होते. त्यातून लालसर तांबूस भुकटी निघते, दंड झिजतो, सैलपणा वाढतो आणि चाल आणखी वाढते. फिटर याला 'बेरिंगने शाफ्ट खाल्ला' असे म्हणतो. धारवा बदलता येतो. खाल्लेला दंड मात्र भरून पुन्हा कातावा लागतो किंवा टाकून द्यावा लागतो. भातगिरणीसारख्या ठिकाणी, जेथे कोंड्याची बारीक धूळ सर्वत्र साचलेली असते, तेथे तापलेला धारवा ही आगीची भीतीही असते.

यावर कोणी विचारील की, पुली दंडावर जशी चावी ठोकून बसवितात तसे धारव्याचे आतले कडे का बसवीत नाहीत? उत्तर असे की, पुलीला दंडाचा सगळा पीळ वाहून न्यावयाचा असतो. आतल्या कड्याला केवळ छऱ्यांच्या अल्प घर्षणास पुरून उरावयाचे असते. शिवाय कडे पातळ व कठीण केलेले असते. त्यात चावीसाठी खाच पाडली तर ते दुबळे होईल आणि त्याची गोलाई बिघडेल. म्हणून कड्याला न दुखविता दंडाशी बांधण्याचे वेगळे मार्ग शोधावे लागले.

४. पक्के करण्याचे मार्ग

पहिला मार्ग ग्रब स्क्रूचा. आतले कडे एका बाजूस थोडे लांब ठेवून त्यात दोन आट्यांची भोके पाडतात आणि त्यांतून डोके नसलेले स्क्रू दंडावर आवळतात. हे दोन स्क्रू समोरासमोर नसून एकमेकांशी कोन करून असतात. त्यामुळे दंड विरुद्ध बाजूस भोकाच्या भिंतीवर दाबला जातो आणि पकड तीन ठिकाणी होते. स्क्रूचे टोक दंडात थोडे रुतावे लागते; म्हणून दंड स्क्रूपेक्षा मऊ असणे आवश्यक आहे. दंड कठीण केलेला असेल तर टोक रुतत नाही आणि पकड वरवरची राहते. या पद्धतीचे गुण उघड आहेत. ती स्वस्त आहे, बसविण्यास एक किल्ली पुरते आणि दंड दोन्ही दिशांनी फिरला तरी चालतो. दोषही तितकेच उघड आहेत. स्क्रूमुळे दंडावर उंचवटे उठतात व धारवा काढताना अडतो. म्हणून स्क्रूखाली दंड कानशीने किंचित सपाट करून घेण्याचा प्रघात आहे. दुसरे असे की, दंड एका बाजूस रेटला जात असल्यामुळे त्याचे केंद्र आणि कड्याचे केंद्र एक राहत नाही. ०.०३ मिलिमीटर मोकळीक असल्यास केंद्र ०.०१५ मिलिमीटर सरकते. मिनिटास ६०० फेऱ्यांना याची फिकीर नसते; परंतु केंद्रोत्सारी जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ३००० फेऱ्यांना तो पंचवीस पट होतो आणि धारवा थरथरू लागतो. थरथरीने स्क्रू ढिले होतात. ढिल्या स्क्रूने थरथर वाढते.

दुसरा मार्ग विकेंद्री कॉलरचा. येथे आतल्या कड्याचा लांबविलेला भाग बाहेरून कातताना मुद्दाम केंद्रापासून थोडा बाजूस कातलेला असतो. त्यावर बसणाऱ्या कॉलरच्या पोटातही तसाच बाजूस सरकलेला खळगा असतो. कॉलर कड्यावर सरकवून हाताने फिरविली की दोन विकेंद्री वर्तुळे एकमेकांत अडतात आणि दंड त्यांच्यामध्ये पाचरीसारखा आवळला जातो. नंतर पंच व हातोडीने कॉलर आणखी थोडी फिरवून घट्ट करतात आणि शेवटी कॉलरमधील ग्रब स्क्रू दंडावर कसतात. या पद्धतीचे मर्म दिशेत आहे. दंड ज्या दिशेने फिरणार त्याच दिशेने कॉलर फिरवावयाची. कारण कॉलर दंडाबरोबर पुढे जाते आणि छऱ्यांच्या घर्षणामुळे आतले कडे किंचित मागे राहू पाहते. त्यामुळे चालता चालता पकड अधिक घट्ट होते. कॉलर उलट दिशेने फिरवून बसविली, तर तेच घर्षण तिला सोडविण्याचे काम करते. यावरून हेही निघते की, जो दंड आळीपाळीने दोन्ही दिशांनी फिरतो त्याला ही पद्धत योग्य नाही.

तिसरा मार्ग आवळत्या कॉलरचा. आतल्या कड्याच्या लांबविलेल्या भागात दंडाच्या दिशेने चिरा पाडून त्याची बोटे केलेली असतात. त्यांवर एका ठिकाणी छेद दिलेली कॉलर असते. छेदाच्या दोन टोकांना जोडणारा एकच स्क्रू आवळला की कॉलर लहान होते आणि सगळी बोटे दंडावर सारख्या जोराने दाबली जातात. येथे दंडात काही रुतत नाही आणि केंद्रही सरकत नाही. म्हणून पंख्यासारख्या वेगवान व आवाज नको असलेल्या यंत्रांना ही पद्धत उत्तम. मात्र ही पकड निव्वळ घर्षणाची आहे. दंडाच्या लांबीच्या दिशेने मोठा रेटा असेल तर तिच्यावर भिस्त न ठेवता दंडालाच खांदा कातून द्यावा. हा खांदा म्हणजे पनवेलच्या चाकाच्या खिळीचाच दुसरा अवतार होय.

चौथा मार्ग निमुळत्या स्लीव्हचा. धारव्याचे भोकच निमुळते असते, बहुधा १२ स १ या प्रमाणात. दंडावर बाहेरून तेवढीच निमुळती, आतून सरळ आणि लांबीत चिरलेली स्लीव्ह बसवितात. स्लीव्हच्या टोकास आटे असतात. त्यावर नट फिरविला की धारवा निमुळत्या भागावर चढत जातो, स्लीव्ह दंडावर मिटते आणि तिन्ही वस्तू एकजीव होतात. नट सुटू नये म्हणून त्याच्या खाचेत वॉशरचे एक पान वाकवून बसवितात. अवजड दंडांना ही पद्धत योग्य. शिवाय दंड फार काटेकोर कातलेला नसला तरी चालतो. परंतु येथे अधिक घट्ट म्हणजे अधिक चांगले, हा नियम लागू नाही. धारवा ०.६ मिलिमीटर पुढे चढला, तर १२ स १ या निमुळतेपणामुळे स्लीव्हचा व्यास त्या ठिकाणी ०.०५ मिलिमीटर वाढतो. त्याचा बराचसा भाग आतले कडे फुगविण्यात खर्च होतो आणि तेवढी छरे-रुळांमधील अंतर्गत मोकळीक कमी होते. मोकळीक पार संपली तर धारवा तापतो, तापल्याने आतले कडे आणखी फुगते आणि शेवटी सगळे जाम होते. म्हणून मोठ्या रूळ-धारव्यांत मोकळीक पट्टीमापाने आधी मोजतात, नट कसताना पुन्हा मोजतात आणि ठरलेली घट आली की थांबतात. 'सुख' या शब्दाच्या व्युत्पत्तीत जी मोकळीक आपण पाहिली तिचे हे आजचे मोजमाप होय.

पाचवा मार्ग घट्ट बैठकीचा. येथे वेगळा स्क्रू किंवा कॉलर नसते. भोकच दंडापेक्षा किंचित लहान ठेवतात. धारवा तेलात किंवा विजेच्या साधनाने तापवून फुगवितात आणि गरम असतानाच दंडावर सरकवून खांद्याशी टेकवितात. ५० मिलिमीटर भोकाचा पोलादी धारवा ७० अंश सेल्सिअसने तापविला तर भोक सुमारे ०.०४ मिलिमीटर मोठे होते, आणि तेवढे पुरते. निवल्यावर कडे दंडाला धरून बसते. पनवेलचा कारागीर लोखंडी धाव तापवून चाकावर चढवीत असे आणि पाणी ओतून ती आवळत असे. तत्त्व तेच आहे, फरक एवढाच की धाव लालभडक करीत, धारवा मात्र सुमारे १२० अंशांच्या पुढे तापविल्यास त्याचे पोलाद बिघडण्याची भीती असते.

५. एक पक्का, एक मोकळा

या सर्व पद्धतींना समान असलेला एक नियम सांगितला पाहिजे. दंडाला दोन आधार असतील तर दोन्ही धारवे ठोकळ्यासकट सर्व बाजूंनी पक्के करून चालत नाहीत. तीन मीटर लांबीचा पोलादी दंड ३० अंशांनी तापला तर सुमारे एक मिलिमीटर लांबतो. त्याला वाट मिळाली नाही तर तो दोन्ही धारव्यांना बाजूने रेटतो आणि हा रेटा पुष्कळदा मूळ ओझ्याहून अधिक असतो. म्हणून एक धारवा जागीच धरलेला आणि दुसरा त्याच्या ठोकळ्यात लांबीच्या दिशेने सरकू शकेल असा ठेवतात.

दंड किंचित वाकला किंवा पाया खचला तर काय, हा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. स्वीडनमधील गोटेबोर्ग येथील एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा अभियंता होता. तेथील जमीन चिकणमातीची. ती खचे, लांब दंडांची रेषा चुके आणि धारवे वरचेवर जात. त्यातून त्याने स्वतःहून रेषा साधणारा, दोन ओळींच्या छऱ्यांचा धारवा काढला आणि १९०७ मध्ये त्याच्या निर्मितीसाठी 'एसकेएफ' ही कंपनी निघाली. याच कंपनीचा चिंचवड येथील कारखाना १९६० च्या दशकात उभा राहिला. गाडीच्या चाकांचे पनवेल आणि छऱ्यांच्या धारव्यांचे चिंचवड ही दोन गावे बोरघाटाच्या दोन अंगांना आहेत, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

६. शब्दांचा विचार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंग्रजी पुस्तिका वरील पहिल्या चार पद्धतींस 'लॉकिंग' हे एकच नाव देतात आणि त्यामागे विशेषण लावून भेद दाखवितात. मराठीत भाषांतर करणारा बहुधा 'लॉक करा' असे लिहितो, किंवा 'घट्ट करा', 'कुलूपबंद करा' असे. पहिला शब्द निदान फिटरला कळतो. तिसरा कोणालाच कळत नाही. दुसरा सर्वांना कळतो, पण चुकीचा कळतो, आणि तो सर्वांत घातक होय. 'कॉलर घट्ट करा' हे वाक्य विकेंद्री कॉलरच्या बाबतीत दिशेविषयी मौन पाळते. निमुळत्या स्लीव्हच्या बाबतीत कोठे थांबावयाचे याविषयी मौन पाळते. वर पाहिल्याप्रमाणे या दोन गोष्टींवरच त्या दोन पद्धतींचे यश अवलंबून आहे.

मराठीजवळ याहून नेमकी साधने आहेत आणि ती नामांत नसून क्रियापदांत आहेत. खीळ किंवा खांदा चाकाला अडवितो. ग्रब स्क्रू दंडात रोवला जातो. विकेंद्री कॉलर फिरवून अडकवितात. छेदाची कॉलर आवळतात. निमुळत्या स्लीव्हवर धारवा चढवितात. तापविलेला धारवा दंडावर बसवितात. अडविणे, रोवणे, अडकविणे, आवळणे, चढविणे, बसविणे या सहा क्रियापदांत जोराची दिशा, त्याची जागा आणि क्रियेचा शेवट हे तिन्ही अंतर्भूत आहेत. जे रोवले जाते ते टोकाने शिरते आणि खूण ठेवते. जे आवळले जाते त्याला सर्व बाजूंनी सारखा दाब मिळतो. जे चढते ते अधिकही चढू शकते, म्हणून कोठवर, हा प्रश्न आपोआप निघतो. जे अडकते ते एका दिशेने अडकते आणि उलट दिशेने सुटते. बारा महिने पंचवीस वेळा कॉलर बसविणाऱ्या माणसाला हा भेद हाताने माहीत असतो; नवशिक्याला तो शब्दाने सांगावा लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मराठी विद्यार्थ्यापुढे पहिली वस्तू येते ती शब्दच.

आणखी एक व्याकरणविषयक गोष्ट. या क्रियापदांपैकी पुष्कळांच्या जोड्या आहेत: बसणे–बसविणे, चढणे–चढविणे, अडकणे–अडकविणे. सूचना देताना प्रयोजक रूप येते, बिघाड सांगताना मूळ अकर्मक रूप येते. 'स्क्रू सुटला', 'बेरिंग सरकले', 'शाफ्ट खाल्ला गेला' या वाक्यांत कर्ता नाही. बोलण्याच्या सोयीसाठी हे ठीक आहे. परंतु बिघाडाच्या नोंदवहीत असे वाक्य आले की चौकशी तेथेच थांबते. स्क्रू सुटला, म्हणजे तो मुळात पुरेसा कसला नव्हता, की दंड कठीण होता, की थरथरीने तो ढिला झाला? चरकाच्या यादीत 'आणी सुटणे' हे नाशाचे कारण म्हणून येते. कारखान्यात मात्र ते परिणाम म्हणूनही तपासले पाहिजे. मराठीत कारणदर्शक रचना विपुल आहेत. त्यांचा उपयोग नोंदींत करण्याची शिस्त लावावी लागेल, एवढेच.

'खीळ' या शब्दाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. संस्कृत 'कील' शब्दाशी संबद्ध असलेला हा शब्द आज शिष्ट मराठीत बहुधा 'प्रगतीला खीळ बसली' अशा वाक्यांत, म्हणजे थांबविणे या अर्थाने, आढळतो. गाडीच्या खिळीचे काम मात्र नेमके उलट आहे: ती असते म्हणून चाक फिरत राहते. गाडी व्यवहारातून मागे पडली, तसा खिळीचा हा धारक अर्थ बोलण्यातून मागे पडला आणि अडथळ्याचा अर्थ तेवढा राहिला. वस्तू गेली की शब्दाचा कोणता अर्थ टिकतो आणि कोणता गळतो, याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास गाडीचे अवयव हे उत्तम क्षेत्र आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात असे आम्हांस वाटते. पहिली, 'पक्का करणे' हे क्रियापद सर्व पद्धतींचे सामान्य नाव म्हणून ठेवावे आणि 'घट्ट करणे' ते केवळ दाबाच्या अर्थी राखावे. कारण पक्केपणा आणि घट्टपणा एक नव्हेत. निमुळत्या स्लीव्हवरील धारवा फाजील घट्ट झाला म्हणजे बिघडतो. पक्का झाला म्हणजे टिकतो. दुसरी, प्रत्येक पद्धतीसाठी नवे संस्कृत नाम घडविण्याऐवजी रूढ क्रियापद निश्चित करावे, आणि सूचना पूर्ण वाक्यात लिहावी. 'कॉलर, दंड ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने फिरवून अडकवा. मग ग्रब स्क्रू कसा' हे वाक्य लांब आहे, पण त्यात दंड वाचतो. तिसरी, 'धारवा'सारखा घडविलेला शब्द आणि 'बेरिंग'सारखा आलेला शब्द यांत झगडा लावण्याचे कारण नाही. ग्रंथात एक आणि कामावर दुसरा असा व्यवहार चालू राहील. परंतु दोन्हींच्या भोवतीची क्रियापदे एकच असली पाहिजेत, कारण वस्तूचे नाव चुकले तर माणूस विचारतो, क्रियेचे नाव चुकले तर माणूस करून मोकळा होतो.

पनवेलहून आज चाकांच्या जोड्या देशावर जात नाहीत. त्या गावाच्या परिसरात तळोज्याची औद्योगिक वसाहत उभी आहे आणि तेथील कारखान्यांत असंख्य दंड रात्रंदिवस फिरत आहेत. त्यांवरील धारवे बसविणाऱ्या माणसांच्या तोंडची क्रियापदे गोळा करणे, ती वस्तुव्यवहाराशी ताडून पाहणे आणि त्यांतून परिभाषा घडविणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हातून होण्यासारखे आहे. ते करताना वही आणि पेन्सिल यांबरोबर फिटरच्या शेजारी उभे राहून पाहण्याची तयारी ठेवावी लागेल. केवळ कोशांवरून ते होणार नाही.